विमानाचा पंख कापून पाहिला तर

पारसिककर

२५ डिसेंबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी उड्डाणं सुरू झाली आणि पनवेल-उलवे पट्ट्यातल्या लोकांना मान वर करून चालायची सवय लागली. कोणती कंपनी, कोणतं मॉडेल, कुठे निघालंय हे ॲपवर बघून सोसायटीच्या ग्रुपवर टाकणारे आता गल्लोगल्ली आहेत. इंजिनाच्या आवाजावरून तर रोज चकमक. पंखाबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढत नाही. खरं तर विमानाला वर धरतो तो पंख. इंजिन त्याला नुसतं पुढे ढकलतं. म्हणून हा धागा.

पंख पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत सरळ कापला तर जो काप दिसेल तो एअरफॉइल. पुढे गोलाई, मागे निमुळती धार, बहुतेक वेळा वरून फुगीर. जाडी किती, बाक किती, तो सगळ्यात जास्त कुठे आणि पुढची कड किती बोथट, एवढ्या चार गोष्टी फिरवल्या की विमानाचा स्वभाव बदलतो. किती हळू उतरता येईल, किती वेगाने जाता येईल, इंधन किती जळेल आणि पंखाच्या पोटात ते किती मावेल, सगळं यात आलं.

या विषयावरचे बहुतेक लेख 'पक्ष्यांकडे पाहून माणसाला कल्पना सुचली' इथून सुरू होतात. कल्पना सुचणं हा त्यातला सोपा भाग होता. इंग्लंडमध्ये होरेशिओ फिलिप्सने १८८४ सालीच बाकदार आकारांचं पेटंट घेतलं होतं. जर्मनीत ओटो लिलिएंथाल १८९०च्या दशकात टेकड्यांवरून तसल्या पंखांनी तरंगत होता आणि १८९६ साली त्यातच त्याचा जीव गेला. घोडं अडत होतं मोजमापापाशी. विमानाच्या प्रगतीतली जवळपास प्रत्येक मोठी उडी, कुणीतरी पंख आधीपेक्षा खरा मोजला म्हणून आली, असं माझं मत आहे. खोडून काढायचं असेल तर प्रतिसाद मोकळे आहेत.

राइट बंधूंचंच घ्या. त्यांचे १९०० आणि १९०१ सालचे ग्लायडर हिशोबापेक्षा खूपच कमी उचल (लिफ्ट) देत होते. तेव्हा त्यांनी छापील तक्ते बाजूला ठेवले आणि १९०१च्या शेवटी शेवटी डेटनच्या सायकल दुकानात ६ फूट लांबीचं लाकडी खोकं बांधलं. आत १६ इंची चौकोनी मार्ग, एका टोकाला पंखा, म्हणजे वाऱ्याचा बोगदा (विंड टनेल). उचल मोजायचा काटा सायकलच्या स्पोकची तार आणि करवतीच्या पात्यांचे तुकडे जोडून केलेला. पत्र्याचे दोनशेच्या आसपास चिमुकले पंख त्यात तपासले गेले. हवेच्या दाबासाठी अठराव्या शतकातल्या स्मीटन या इंग्लिश अभियंत्याच्या काळापासून सगळे जो गुणक ०.००५ धरत होते तो प्रत्यक्षात ०.००३३ च्या जवळ निघाला. म्हणजे सुरुवातीलाच दीडपट फुगवलेला हिशोब! शिवाय तेवढ्याच क्षेत्रफळाचा लांब-अरुंद पंख आखूड-रुंद पंखापेक्षा कितीतरी सरस ठरतो हेही आकड्यांत दिसलं. १९०२चं ग्लायडर नीट उडालं. १७ डिसेंबर १९०३ चे १२ सेकंद शाळेतल्या पोरालाही पाठ असतात, ते खोकं कुणाला आठवत नाही.

पण तसल्याच छोट्या बोगद्यांनी पुढे पंधरा वर्षं लोकांना चकवलंही. हवा छोट्या, हळू चालणाऱ्या पंखाभोवती जशी वागते तशी मोठ्या, वेगवान पंखाभोवती वागत नाही. वेगाला पंखाच्या रुंदीने गुणायचं आणि हवेच्या श्यानतेने भागायचं, की रेनॉल्ड्स अंक मिळतो. तो जुळला तरच मॉडेलचे आकडे खऱ्या विमानाला लागू. सुरुवातीच्या छोट्या बोगद्यांत हा अंक फारच कमी असायचा, आणि तिथे पातळ, पत्र्यासारखे पंखच भारी ठरतात. परिणामी पहिल्या महायुद्धातली बहुतेक विमानं पापडासारख्या पातळ पंखांची, आणि ते पंख मोडू नयेत म्हणून दोन मजली रचना, तारा, दांडे, त्या सगळ्याचा हवेला अडथळा.

जर्मनीत ग्योटिंगेनला लुडविग प्रांटल या शास्त्रज्ञाकडे १९१७ साली मोठा बोगदा आला तेव्हा कळलं की खऱ्या विमानाच्या मापावर जाड पंख वाईट तर नाहीच, उलट चांगला आहे. तो जास्त कोनापर्यंत हवा धरून ठेवतो, आणि त्याच्या पोटात भक्कम वासा बसतो, म्हणजे तारांचं जंजाळ कमी. फोकर डी-सात या जर्मन लढाऊ विमानाला असा जाड पंख मिळाला. हे विमान नाक वर करून टिकून राहायचं तेव्हा समोरचं विमान स्टॉल होऊन, म्हणजे पंखावरची हवा सुटून उचल गेल्याने, खाली पडायचं. १९१८च्या युद्धबंदीच्या अटींत जर्मनीने कोणती विमानं सोपवायची त्यात या एका विमानाचं नाव मुद्दाम घातलं होतं.

पुढची पायरी अमेरिकेतली. प्रांटलचा विद्यार्थी मॅक्स मुंक तिकडे नाका (NACA, आजच्या नासाची पूर्वज) या सरकारी संस्थेत गेला. बोगदा मोठा करण्यापेक्षा हवाच दाट करा, ही त्याची युक्ती. नाकाच्या लँग्ली प्रयोगशाळेत पोलादी टाकीत बोगदा बसवला, आत २० वातावरणांपर्यंत दाब. छोटं मॉडेल, पण रेनॉल्ड्स अंक खऱ्या विमानाचा. त्यातून १९३३ साली ७८ एअरफॉइलचा तो प्रसिद्ध अहवाल आला. नाका २४१२ म्हणजे रुंदीच्या २ टक्के बाक, तो पुढून ४० टक्क्यांवर, जाडी १२ टक्के. नावातच आकार. विमान बनवणाऱ्याने यादी उघडायची आणि आपल्या कामाचा काप उचलायचा. सेस्ना १७२ आजही २४१२ वर उडतं. डीसी-३ चे पंखही याच घराण्यातले.

इथे थांबतो. जेट आणि त्यापुढचं प्रतिसादांत येईलच.

निशा_नेरूळ

वाचनखूण साठवली. मी ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवते. आम्ही वर्षानुवर्षं सांगत आलोय की पंखाची वरची बाजू लांब, म्हणून वरच्या हवेला जोरात धावून खालच्या हवेबरोबर मागच्या कडेला पोचावं लागतं, वेग वाढला की दाब कमी, म्हणून उचल. मग एअर शोमध्ये विमान उलटं कसं उडतं, असं एका मुलीने विचारलं. तिला काय सांगू?

पारसिककर

निशाताई, त्या मुलीला पैकीच्या पैकी गुण द्या.

वेग वाढला की दाब कमी, हे बरोबर आहे. 'दोघींनी बरोबर पोचावं लागतं' हे कुठल्याच नियमात नाही. बोगद्यात धुराचे ठिपके सोडून पाहिलं तर वरची हवा खालच्या हवेच्या बरीच आधी मागे पोचलेली दिसते. शिवाय सपाट फळीसुद्धा थोडी तिरकी धरली की उचल देते, तिथे कुठली आलीय लांब बाजू?

वर्गात असं सांगता येईल: पंख हवेला खाली वळवतो, त्या बदल्यात हवा पंखाला वर ढकलते. हे न्यूटनच्या बाजूने. हवा वळताना पंखाच्या वर दाब कमी आणि खाली जास्त होतो, हे बर्नूलीच्या बाजूने. दोन्ही एकाच घटनेचे हिशोब आहेत, भांडण नाही. उलटं विमान नाक जरा जास्त वर धरतं, म्हणजे कोन बदलून हवा पुन्हा जमिनीकडेच वळवतं. बाक विरुद्ध बाजूला असल्याने हे महागात पडतं, म्हणून कसरतीच्या विमानांचे पंख बहुधा वर-खाली सारखेच ठेवतात.

मागची कड धारदार का, याचंही उत्तर यातच आहे. हवा त्या धारेला वळसा घालून वर चढू शकत नाही, तिथून सरळ सुटते, आणि त्यामुळे पंखाभोवती हवेचं अभिसरण किती, म्हणजे पर्यायाने उचल किती, हे ठरून जातं. जर्मनीचा कुट्टा आणि रशियाचा झुकोव्स्की यांनी १९०२ ते १९०६ च्या दरम्यान हे गणितात बसवलं.

नौपाड्याचा_बाळू

१८९५ साली चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे यांनी विमान उडवलं त्याचा एका ओळीत तरी उल्लेख हवा होता. आपल्याच माणसाची आपल्याला लाज.

त्रैराशिक

बाळूशेठ, धागा पंखाच्या कापावर आहे. त्या विमानाचं वजन, पंखाचं क्षेत्रफळ आणि काप, यांपैकी एक जरी आकडा असेल तर टाका, बसून हिशोब करू. प्राचीन म्हणून छापलेल्या 'वैमानिक शास्त्र' या पुस्तकातल्या विमानांच्या आराखड्यांचा हिशोब बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच जणांनी १९७४ साली केला होता. ती यंत्रं उडू शकत नाहीत असं निघालं. लाजेचा प्रश्न नाही.

संपादक मंडळ

यावर वेगळा धागा आहे. इथले पुढचे अवांतर प्रतिसाद तिकडे हलवले आहेत.

खाडीकाठ

मी पक्षीवाला माणूस, त्यामुळे 'कल्पना सुचणं सोपं' हे वाक्य जरा लागलं :)

ठाणे खाडीवर किंवा उपवन तलावापाशी घार उतरताना दुर्बिणीतून बघा. पंखाच्या पुढच्या कडेला, आपल्या अंगठ्याच्या जागी, एक छोटा पिसांचा झुपका असतो. एरवी चिकटलेला. घार वेग कमी करून नाक वर करते तेव्हा तो उघडतो आणि त्याच्या मागे फट पडते. पंखांच्या टोकांची पिसंही बोटांसारखी फाकलेली. आता मला सांगा, विमान उतरताना पुढच्या कडेची जी पट्टी बाहेर येते ती याहून वेगळी आहे का? माणसाने मोजलं उशिरा, पक्ष्याकडे आधीपासून होतं.

फ्लेमिंगो मात्र या कामाला निरुपयोगी. धावत सुटतो, पाण्यावर पाय आपटतो, मग कुठे उचलतो. त्याचा पंख लांबच्या प्रवासाचा.

जुना_फिटर

खाडीकाठ यांच्याशी सहमत, आणि पारसिककरांच्याही. दोघांचं बरोबर असू शकतं.

आयुष्य हँगरमध्ये गेलं, आता कोपरीला निवांत. त्या पट्टीला स्लॅट म्हणतात. इंग्लंडमध्ये हँडली पेज आणि जर्मनीत लाखमान, दोघांना १९२०च्या सुमारास स्वतंत्रपणे सुचली. ए-३२० मध्ये पंखाच्या थोडं मागची खिडकी घ्या आणि उतरताना बघत राहा. पुढून स्लॅट सरकतात, मागून फ्लॅप आधी मागे जातात, मग खाली वाकतात. पाच-दहा मिनिटांत पंखाचा काप पार बदललेला असतो. उड्डाणभर एक एअरफॉइल आणि उतरताना दुसराच. फ्लॅप आणि पंखामधली फट दिसली की लोक घाबरून एअर होस्टेसला विचारतात. ती फट ठेवलेली असते हो.

फटीतून ताजी हवा येऊन जोर देते असं आम्हाला शिकवलं होतं. ते अर्धंच खरं. ए. एम. ओ. स्मिथ यांनी १९७५ साली नीट मांडलं की पुढच्या स्लॅटमुळे मागच्या मुख्य पंखाच्या नाकावरची अतिरेकी ओढ कमी होते, म्हणून तिथली हवा लवकर सुटत नाही.

आता माझी एक तक्रार. तुम्ही लोक कागदावरच्या एअरफॉइलबद्दल बोलता. हँगरमधला एअरफॉइल वेगळा असतो. त्यावर रिव्हेट असतात, रंगाचे थर असतात, शिडी लागून पोचे पडतात, आणि चिलटं असतात. दुसऱ्या महायुद्धातल्या मस्टँग या लढाऊ विमानाचं उदाहरण सगळे देतात. १९४०च्या सुमाराचा तो लॅमिनार पंख, सगळ्यात जाड भाग मागे सरकवलेला, म्हणजे हवा जास्त अंतर गुळगुळीत वाहील आणि ड्रॅग (हवेचा अडथळा) कमी होईल. बोगद्यातल्या आरशासारख्या मॉडेलवर ते झालं. कारखान्यातून निघालेल्या आणि धूळभरल्या मैदानावरून उडणाऱ्या विमानावर ती गुळगुळीत हवा फार टिकली नाही. तरी पंख उत्तम ठरला, कारण तो आकार जास्त वेगाला चांगला निघाला. कारण एक ठरवलं, फायदा दुसऱ्याच कारणाने झाला. मोजमापाच्या गोष्टीत हेही लिहा.

पारसिककर

फिटरकाका, मुद्दा घेतला. पण मोजलं नसतं तर फायदा कशामुळे झाला हेही कळलं नसतं, एवढं बोलून खाली बसतो.

घोडबंदर_रोड

वाचतोय, छान चाललंय. मला यातलं शून्य कळतं, पण एक व्यवहारी प्रश्न. हे सगळं माझ्या तिकिटात कुठे दिसतं? आमचं आयुष्य घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये जातं, विमानाने वर्षातून एकदा गोवा.

त्रैराशिक

दोन ठिकाणी दिसतं. आधी उतरणं, मग उडणं.

उतरणं. ए-३२० उतरताना वजन ६४ टन धरू. पंखाचं क्षेत्रफळ १२२.६ चौरस मीटर. वेग सेकंदाला ७० मीटर, म्हणजे ताशी साधारण २५० किमी. उचल म्हणजे हवेची घनता, वेगाचा वर्ग, क्षेत्रफळ आणि उचलीचा गुणक यांच्या गुणाकाराचा निम्मा. घनता १.२२५ धरून गुणक येतो १.७ च्या आसपास. स्टॉलपासून नेहमीचं अंतर राखायचं तर पंखाची कमाल क्षमता २.६ च्या आसपास हवी. स्लॅट-फ्लॅप आत असताना ती १.५ च्या आसपास धरा. तेवढ्यावर उतरायचं म्हटलं तर वेग ताशी ३३० किमी लागेल. वेगाचा वर्ग येतो, म्हणून ब्रेकना जिरवावी लागणारी ऊर्जा १.७ पट. टायर, ब्रेक, धावपट्टी सगळंच वाढवा. नवी मुंबईची धावपट्टी ३७०० मीटर आहे ती मोठ्या विमानांसाठी. ए-३२० ला इतकी लागत नाही, आणि त्यात मोठा वाटा या फ्लॅप-स्लॅटचा.

मे महिन्यात पनवेलला ३८ अंश झाले की १५ अंशांच्या तुलनेत हवा ७ टक्क्यांनी विरळ. तेवढ्यासाठी वेग सुमारे ४ टक्के जास्त हवा.

उडण्याचं पारसिककर सांगतील, मला बोरिवलीला जायचंय.

पारसिककर

जेटचं राहिलंच होतं, आता सांगतो. यात खरी गंमत आहे.

प्रवासी जेट ध्वनीच्या वेगाच्या सुमारे ०.७८ पट जातं. पण पंखाच्या पाठीवरून वाहणारी हवा विमानापेक्षा जोरात जाते, ती ठिकठिकाणी ध्वनीचा वेग ओलांडते. पुढे ती पुन्हा मंदावते तेव्हा हळूहळू मंदावत नाही, एका पातळ रेषेत धाडकन मंदावते. ती शॉक वेव्ह. तिच्या मागे हवा पंखापासून सुटते, ड्रॅग एकदम वर जातो. कितीही इंजिन लावा, त्या वेगाला भिंतच.

पहिला उपाय पंख मागे झुकवण्याचा. जर्मन शास्त्रज्ञ आडोल्फ बुझेमान यांनी १९३५ साली रोमच्या परिषदेत तो मांडला, तेव्हा फारसं कुणी मनावर घेतलं नाही. १९६० साली एअर इंडियाकडे बोइंग ७०७ आली तिचे पंख ३५ अंश झुकलेले होते. दुसरा उपाय पंख पातळ करण्याचा. एफ-१०४ या लढाऊ विमानाच्या पंखाची जाडी रुंदीच्या साडेतीन टक्क्यांहूनही कमी, आणि पुढची कड इतकी धारदार की जमिनीवर तिला आवरण घालायचे, माणसं कापू नयेत म्हणून. त्याला उतरायला वेग किती लागायचा याची कल्पना करा. दोन्ही उपायांची किंमत आहे. झुकलेला पंख हळू वेगाला कमी उचल देतो, पातळ पंख मजबूत करायला वजन घालावं लागतं आणि त्यात इंधन मावत नाही.

नासाच्या लँग्लीतल्या रिचर्ड व्हिटकॉम्ब यांनी १९६०च्या दशकात तिसरी वाट काढली. पाठ जवळपास सपाट केली, म्हणजे हवा वर कमी भडकते आणि शॉक वेव्ह मागे, कमजोर होऊन येते. पाठीवर गमावलेली उचल पंखाच्या मागच्या कडेजवळ पोटाच्या बाजूने आत बाक देऊन परत मिळवली. हा माणूस बोगद्यात मॉडेलला स्वतःच्या हाताने कानस आणि पुट्टी लावत आकार काढायचा. ९ मार्च १९७१ ला एफ-८ विमानावर असा पंख लावून उडवला. याला सुपरक्रिटिकल एअरफॉइल म्हणतात.

घोडबंदरकर, तुमच्या तिकिटातला भाग इथे आहे. या कापामुळे त्याच वेगाला पंख जाड ठेवता आला. जाड म्हणजे हलक्या वजनात मजबूत, म्हणून लांब करता आला, आणि लांब पंख कमी इंधनात तरंगतो हे राइट बंधूंच्या खोक्यातलंच. पोटात इंधनही जास्त. ए-३२० चा पंख फक्त २५ अंश झुकलेला आहे. ७०७ त्यापेक्षा थोडी वेगात जायची हे खरं, पण नुसत्या वेगाच्या फरकाने दहा अंश सुटत नाहीत. इंधनाची बचत इंजिनांनी जास्त केली, हेही मान्य करतो. पंखाचा वाटा कमी दिसतो, कारण तो आवाज करत नाही.

वाशीचा_वारा

पवनचक्क्यांच्या कामात आहे, म्हणून चिलटांच्या मुद्द्यावर थांबलो.

पातं म्हणजे गोल फिरणारा पंखच. सुरुवातीला विमानाचे तयार काप उचलून पात्यांना लावले गेले. मग काही पवनचक्क्या चांगल्या वाऱ्यातही कधी पूर्ण वीज द्यायच्या, कधी अर्धीच. वारा तोच, यंत्र तेच. कॉर्टन आणि वेल्डकॅम्प या दोघांनी २००१ साली याचा उलगडा केला. कीटक मंद वाऱ्यात उडतात, तेव्हा ते पात्याच्या पुढच्या कडेवर चिकटतात. त्या वेळी काही फरक दिसत नाही, कारण हवेचा जोर ज्या बिंदूवर येतो तिथेच ते बसलेले असतात. वारा वाढला की हवेचा कोन बदलतो, ओढ त्या खरखरीत भागावर येते आणि हवा सुटते. पाऊस पडून पाती धुतली की वीज पूर्ववत.

१९८४ पासून अमेरिकेत पवनचक्क्यांसाठी वेगळे काप बनवायला घेतले ते याच हट्टाने, की कड घाण झाली तरी उचल फार पडू नये. साताऱ्याकडे वनकुसवड्याच्या पठारावर धूळ आणि पाऊस दोन्ही भरपूर. तिथे कागदावर दोन टक्के जास्त देणाऱ्या नाजूक कापापेक्षा मळका झाला तरी चालणारा काप मी कधीही घेईन.

जुना_फिटर

वारासाहेब, विमानात याचं पावसाळी उदाहरण आहे. बर्ट रुटानची व्हॅरीईझी आणि लाँग-ईझी ही घरी बांधायची विमानं, छोटा पंख पुढे. त्या पुढच्या पंखाचा काप असा गुळगुळीत हवेवर अवलंबून, की पावसात भिजला की उचल कमी व्हायची आणि नाक खाली जायचं. वैमानिकाला काठी ओढून धरावी लागायची. पुढे जॉन रॉन्झ यांनी नवा काप काढून दिला, तो पावसात बिघडत नव्हता. आपल्याकडच्या जुलैत हे विमान घेऊन कुणी उडालं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं.

वेदांत_खारघर

सगळ्यांना नमस्कार. सेकंड इयर मेकॅनिकल. मी आणि मित्राने थर्मोकोल हॉट वायरने कापून १ मीटरचं आरसी विमान बनवलंय. पंख मस्टँगच्या एअरफॉइलचा, नेटवरून कोऑर्डिनेट काढून. पंखाची रुंदी १८ सेमी. फास्ट उडतं, पण हळू केलं की अचानक एक पंख टाकतं आणि आपटतं. मोटर मोठी लावू का?

पारसिककर

मोटरला हात लावू नकोस. ताशी ३६ किमी वेग धर, म्हणजे सेकंदाला १० मीटर. १८ सेमी रुंदीला रेनॉल्ड्स अंक येतो सुमारे १ लाख २० हजार. खऱ्या मस्टँगचा कोटीच्या घरात होता. तुझ्या पंखावर हवा गुळगुळीत वाहते खरी, पण दमून मध्येच सुटते आणि परत चिकटत नाही.

क्लार्क वाय घे. व्हर्जिनियस क्लार्कने १९२२ साली काढला, जाडी ११.७ टक्के, आणि पुढच्या ३० टक्क्यांनंतर पोट सपाट. टेबलावर ठेवून बांधता येतो, चूक लगेच दिसते. लिंडबर्गच्या अटलांटिक ओलांडणाऱ्या विमानालाही हाच होता. एक्सफॉइल हा एमआयटीच्या मार्क ड्रेला यांचा, एअरफॉइलचा हिशोब करणारा फुकट प्रोग्रॅम उतरवून घे आणि दोन्ही काप १ लाखाच्या आसपासच्या रेनॉल्ड्स अंकाला चालवून आलेख शेजारी ठेव. याच ड्रेलांनी डेडेलस या पायाने पेडल मारून उडवायच्या विमानाचे काप केले होते, ते १९८८ साली क्रीटहून सँतोरिनीला ११५ किमी गेलं.

त्रैराशिक

(बोरिवलीहून) टोकाला पंखाची रुंदी कमी केली आहेस का? असेल तर टोकाचा रेनॉल्ड्स अंक अजून खाली, टोक आधी स्टॉल होणार. म्हणूनच पंख टाकतं.

वेदांत_खारघर

हो, टोकाला ११ सेमी. मस्टँगसारखं दिसावं म्हणून.

जुना_फिटर

बाळा, टोक १५ करा आणि मागची कड टोकाकडे दोन अंश वर पीळ देऊन बसव, म्हणजे मुळाशी हवा आधी सुटेल आणि विमान सरळ बसेल. वजनाचा मध्य पुढून २५ ते ३० टक्क्यांत आहे ना बघ. पुढच्या कडेच्या थोडं मागे, वरच्या बाजूला, पंखभर एक बारीक दोरा चिकटवून बघ. हवा मुद्दाम खरखरीत केली की ती पंखाला जास्त वेळ धरून राहते. फुकटात होतं, आणि मस्टँगचा पंखही वाया जायचा नाही.

खाडीकाठ

आणि उडवायच्या आधी डिजिटल स्काय या सरकारच्या ड्रोनच्या संकेतस्थळावरचा नकाशा बघा रे. विमानतळ सुरू झाल्यापासून आपल्या भागात लाल-पिवळे पट्टे आलेत. मॉडेललाही ते लागू आहेत.

वेदांत_खारघर

काका, खूप धन्यवाद. नकाशा बघतो, तसं असेल तर कल्याणच्या पुढे मित्राच्या गावी जातो. एक्सफॉइल उतरवलं, १ लाखावर मस्टँगचा आलेख मध्येच तुटतोय, क्लार्क वायचा १२ अंशांपर्यंत जातोय. दोरा कोणता वापरू, शिवणाचा की मांजाचा?

जुना_फिटर

शिवणाचा. मांजाला हात लावू नकोस.